दुष्काळ सोसला पणजोबांनी आणि शुगर वाढली आमच्या ह्यांची?

सायली_ना
घरच्या ग्रुपवर दिरांनी एक रील टाकलंय. इंग्रजांच्या काळात १८७७ सारखे दुष्काळ पडले, आपले पूर्वज उपाशी मेले, जे वाचले त्यांच्या जीन्सवर त्या उपासमारीचा ठसा उमटला आणि म्हणून आज तुम्हाला मधुमेह आहे, असं त्यात एक जाकीटवाला भाऊ छातीठोकपणे सांगतोय. शेवटी 'एपिजेनेटिक्स' असा शब्द ढॅण्‌ करून स्क्रीनवर येतो. खाली साऱ्या खानदानाचे हात जोडलेले.

पार्श्वभूमी अशी: माझा नवरा बत्तिशीचा, अंगाने काडी, पोट जेमतेम दिसेल इतकं. तरी ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.२ निघालं. सासऱ्यांना आहे, आजेसासऱ्यांना होता. सासर मूळचं करमाळ्याचं, म्हणजे दुष्काळ पाचवीला पुजलेला. रील बघून नवरा म्हणाला, "बघ, हे १८७७ सालीच ठरलंय, आता भात सोडून काय फरक पडणार?" आणि हे बोलताना हातात बाकरवडी.

आम्ही बाळाचा विचार करतोय, म्हणून जरा गंभीरपणे विचारतेय. यात खरं किती? जीन्स, पूर्वजांची उपासमार की आपलंच खाणंपिणं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_पंत
पहिला!
लंडनला नुकसानभरपाईचा अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा ते कळवा. सोबत उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही रिपोर्ट जोडू.

अनाहूत
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मक्याचे, बिनसाखरेचे.)

डॉ_खेड्यातला
सायलीताई, आधी नवऱ्याला सांगा की 'काडी असून शुगर' यात नवल काही नाही. माझ्या दवाखान्यात असे चिकार येतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, बघितला नसेल तर शोधा. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांच्या बाबतीत किती फसवतो ते त्या एका फोटोत कळतं.

आणि ही चरबी चाळिशीत येत नाही, जन्मतःच असते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मंडळींनी गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. आया सरासरी पाच फुटांच्या, गरोदर राहण्याआधीचं वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आता एवढ्या लहान बाळाचं सगळंच कमी असायला हवं ना? स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळांइतकीच. हडकुळं दिसणारं, आतून चरबीदार बाळ. 'थिन-फॅट बेबी' हे नाव जगभर रूढ झालं ते इथूनच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आईच्या पोटात आहे. १८७७ मध्ये कितपत आहे ते पेशीबाईंनी सांगावं, त्या या धाग्यावर येणारच.

पेशीबाई
आले डॉक्टर, आले. पोळ्या लाटत होते.

आधी मुळातलं. आपल्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच असतो. तरी डोळा पित्त तयार करत नाही, कारण कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद हे त्या त्या पेशीत ठरलेलं असतं. ते ठरवणाऱ्या खुणा रासायनिक असतात. डीएनएमधल्या 'सी' या अक्षरावर मिथाइल नावाचा बारीकसा गट चिकटतो, किंवा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांवर बदल होतात. अक्षरं तीच राहतात, वाचन बदलतं. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये हा विषय मांडला तेव्हा डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती.

करमाळ्याच्या सुनेला कळेल असं सांगते. सातबारा डोळ्यासमोर आणा. गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण 'इतर हक्का'त सोसायटीचा बोजा चढला की जमीन असून अडकली. बोजा उतरला की मोकळी. जनुकाचं अक्षर बदललं तर जमीनच बदलली. मिथाइल बसला तर बोजा चढला. आणि हे बोजे आहार, सिगारेट, ताण, आजारपण यांनी चढतात-उतरतात, म्हणून जनुकं आणि परिस्थिती यांतला दुवा इथे शोधतात.

रीलवाल्याचा दावा असा की १८७७ चा बोजा पाच-सहा पिढ्या उतरलाच नाही. इथे गाडी अडते. शुक्रजंतू आणि बीजांडं ज्या पेशींपासून होतात त्यांच्यात एकदा आणि फलनानंतर भ्रूणात पुन्हा एकदा, अशा दोन वेळा बहुतेक खुणा पुसून पाटी कोरी होते. काही मोजकी जनुकं पुसण्यातून वाचतात, पण ती वाचतात ठरलेल्या कारणांनी. कुणी उपाशी होतं म्हणून नव्हे.

टवाळ_पंत
वारसाच्या वेळी बोजा आपोआप पुसणारा तलाठी? कुठल्या सज्जात बसतो? पत्ता व्यनि करा.

पेशीबाई
भ्रूणात बसतो. चहापाणीही घेत नाही.

अनाहूत
खिक्‌!

शंकेखोर
पेशीबाई, इतकं सोपं नाहीये. मग डच दुष्काळाचं काय? १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. ॲमस्टरडॅममध्ये माणशी शिधा ४०० ते ८०० कॅलरींवर आला. त्या वेळी पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर न पचण्याचं प्रमाण जास्त निघालं. २००८ मध्ये त्यातल्या काहींचं रक्त तपासलं. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावर मिथाइल कमी होता. तुलना कुणाशी, तर त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी. साठ वर्षं टिकलेली खूण. म्हणजे ठसा उमटतो हे तर सिद्ध झालंच की.

पेशीबाई
उमटतो, मी कुठे नाही म्हणतेय? पण ती मुलं स्वतः त्या दुष्काळात होती, पोटात का असेनात. पूर्वजांच्या दुष्काळाचा हा पुरावा नाही. शिवाय तो फरक होता पाचएक टक्क्यांचा, रक्ताच्या पेशींत मोजलेला. त्यानेच मधुमेह झाला असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही.

थेम्सकाठी
लंडनहून नमस्कार (पंत, अर्ज माझ्याकडे देऊ नका).

डच दुष्काळाच्या जोडीला रशियातलं लेनिनग्राड वाचलंच पाहिजे. १९४१ ते ४४ असा वेढा, उपासमार डचांपेक्षा भीषण. तिथे पोटात असलेल्यांची तपासणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. साखरेत फरक नाही! याचा एक अर्थ असा लावतात की डच मुलांना युद्ध संपताच भरपूर खायला मिळालं, लेनिनग्राडच्या मुलांना पुढेही बेताचंच होतं. पोटात टंचाई आणि बाहेर आल्यावर सुबत्ता, ही जोडगोळी घातक. चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळावरही ढीगभर निबंध आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तुलनेला घेतलेली माणसं वयाने लहान होती. वय वाढलं की साखर वाढणारच, त्याचं खापर दुष्काळावर फोडलं, अशी टीका झाली आहे.

माणदेशी
मंडळी, १८७७ च्या गप्पा चालल्यात म्हणून लिहितो. आमच्या भागात त्या दुष्काळाचं नाव अजून निघतं. सरकारी कामावरच्या गड्याला दिवसाला एक रतल धान्य आणि वर आणाभर, हा सरकारने दुष्काळासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपलचा हिशोब. रतल म्हणजे साडेचारशे ग्रॅम, त्यावर माती उपसायची. लोकांनी कामं सोडून निषेध केला होता आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने सरकारला अर्जांवर अर्ज धाडले. साहेबाने केलं ते केलंच, त्याला माफी नाही.

पण मी पाहिलाय तो ७२ चा. मी तेव्हा चौथीत. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, कपाळाला फडकं बांधून. बायकांच्या ओळीत दोन-तीन तरी गरोदर असायच्याच. मुकादम त्यांना सावलीतली जागा देई, तेवढीच सवलत. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर भुगा, आम्ही पोरं नुसतीच फक्के मारायचो. घरी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापली की कडेनं फाटायची आणि चवीला गोणपाट. ७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या घरात माणसं अशा कामांवर होती. उपासमारीनं माणसं मेली नाहीत फारशी, ती त्या कामांमुळेच.

माझा सवाल एवढाच, त्या ओळीतल्या बायकांच्या पोटातली पोरं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. डचांसारखा त्यांचा अभ्यास करता येईल का?

डॉ_खेड्यातला
माणदेशी दादा, डचांकडे रुग्णालयाच्या नोंदवह्या होत्या. किती तारखेला जन्म, वजन किती, त्या आठवड्याला शिधा किती, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे ७३ साली गावात जन्मलेल्या निम्म्या लोकसंख्येचा वाढदिवस १ जूनला असतो.

टवाळ_पंत
१ जून हा खरा राष्ट्रीय सण. गुरुजींच्या लेखणीतून अख्खा वर्ग एका दिवशी जन्मला.

आजीबाई
खरं आहे, माझाही १ जूनच. खरी तिथी आईला ठाऊक होती, पोळ्याच्या आदला दिवस.
आमच्या वेळी एक रीत होती, गरोदर बाईला फार खाऊ देत नसत. बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून. शेवटच्या महिन्यांत तर मला सासूबाई अर्धी भाकरी काढून ठेवायला लावत. हे त्या अभ्यासात मोजतात का?

डॉ_खेड्यातला
आजी, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. ताट मोजतात, हो. काय खाल्लं, किती खाल्लं, शेतात किती राबली, सगळं. त्या गावांत असं दिसलं की ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अंगापिंडाने बरी. नुसत्या कॅलरींशी तितका मेळ बसला नाही. आणि रक्त तपासलं तर दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी, फोलेटची (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व, गोळीत असतं ते फोलिक ॲसिड) कमतरता मात्र जवळपास कुणालाच नाही. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त.

पेशीबाई
आणि इथे माझा विषय परत येतो. मिथाइल गट आकाशातून पडत नाही. तो मेथिओनीन या अमिनो आम्लापासून मिळतो, आणि वापरलेलं मेथिओनीन परत तयार करणाऱ्या यंत्रणेला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. बी-१२ नसेल तर फोलेट अडकून पडतं, होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल रक्तात साचतं आणि मिथाइलचा पुरवठा आटतो. उंदरांवर हे फार सुंदर दाखवलंय. अगूटी नावाचे पिवळे, लठ्ठ, मधुमेहाकडे झुकणारे उंदीर असतात. वॉटरलँड आणि जर्टल यांनी २००३ मध्ये गरोदर उंदरिणींना फोलिक ॲसिड, बी-१२, कोलीन, बीटेन घातलेला खुराक दिला. पिल्लं जनुकांनी तीच, पण कितीतरी जास्त पिल्लं तपकिरी निघाली, कारण त्या जनुकाशेजारी मिथाइल बसला.

तेव्हा शाकाहारी घर, दूध बेताचं, हा 'परिस्थिती' आणि 'जनुकं' यांतला अगदी ठोस दुवा होऊ शकतो.

हुमणप्रेमी
देव बरें करूं. गोव्याहून एक शंका.

रोज मासळी खाणाऱ्यांना बी-१२ ची ददात नाही. आमच्याकडे दुष्काळ नाही, वर पाऊसच नको इतका. इंग्रजही नव्हते, साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते. आणि २०२३ साली आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) देशभराची आकडेवारी आली तेव्हा मधुमेहात पहिला नंबर कुणाचा? गोव्याचा. २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. रीलवाल्या भावाला म्हणावं, ये पणजीला, हुमण-भात खाऊन जा आणि मग सांग कुठल्या व्हाइसरॉयचं नाव घेऊ.

शंकेखोर
आईशप्पथ, हे भारी होतं.

टवाळ_पंत
धागा इथेच बंद करायला हरकत नाही. हुमणप्रेमींना साष्टांग.

थेम्सकाठी
थांबा, थांबा. गोव्यात शहरी वस्ती जास्त, पैसा जास्त, वयस्क लोक जास्त. म्हणून आकडा मोठा दिसतो. त्याने रील खोटं ठरतं, बी-१२ चा मुद्दा नाही. एका आजाराला एकच कारण असावं हा हट्ट सोडायला हवा. टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकाचा एक प्रकार युरोपात मधुमेहाशी जोडलेला सापडला, तो पुण्याच्या रुग्णांतही तसाच सापडला. असे शेकडो छोटे छोटे जनुकीय फरक आता माहीत आहेत. सायलीच्या सासरी तीन पिढ्या मधुमेह आहे, तर अक्षरांचा वाटा असणारच. एपिजेनेटिक्सचं नवं खेळणं मिळालं म्हणून साधी आनुवंशिकता अडगळीत टाकू नये.

दुसरं, जिथे राहतो तिथलं. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तातल्या मिथाइल खुणा मोजल्या, टीएक्सएनआयपी वगैरे पाच जनुकांवरच्या. २०१५ मध्ये छापून आलं की त्यांवरून पुढे कुणाला मधुमेह होईल याचा अंदाज येतो. मी तेव्हा प्रचंड उत्साहात होतो. मग २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं की वजनाशी जोडलेल्या मिथाइल खुणा मुख्यतः वजन वाढल्याचा परिणाम आहेत, कारण नव्हे. त्यातही भारतीय वंशाचे लोक होते. म्हणजे कुठे खूण दिसली की लगेच 'हीच गुन्हेगार' म्हणायची सोय नाही.

नवी_आई_ठाणे
उशिरा येतेय. वर सगळं वाचलं, पण माझा अनुभव वेगळाच. मागच्या वर्षी गरोदर असताना एका गर्भसंस्कार वर्गाला नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी स्लाइड लावली, 'मंत्रांनी बाळाचे जीन्स ॲक्टिव्हेट होतात, हे एपिजेनेटिक्सने सिद्ध झाले आहे.' पुढे हेडफोन, तूप आणि सोन्याची सुवर्णप्राशन किट विकायला. मला रक्तदाब होता. एक दिवस ऑफिसात चिडचिड झाली तर रात्रभर रडले, की माझ्या रागाने बाळाच्या जनुकांवर काहीतरी बसलं. हे कुणी थांबवणार आहे का?

आजीबाई
अगं, मन शांत ठेवायला दोन स्तोत्रं म्हटली तर बिघडलं कुठे? आम्ही रामरक्षा म्हणायचो.

नवी_आई_ठाणे
रामरक्षेला ना नाही आजी, मीही म्हणते. पण रामरक्षा म्हणायला कुणी मला पंधरा हजारांची पावती नव्हती फाडली, आणि चुकली तर बाळ मतिमंद होईल असंही कुणी घाबरवलं नव्हतं.

पेशीबाई
+१००. ताई, तुमच्या एका दिवसाच्या रागाने बाळाच्या जनुकांवर काही बसलेलं नाही, निर्धास्त राहा. त्या स्लाइडचं मूळ बहुधा मायकल मीनी यांच्या उंदरांच्या प्रयोगात असतं. पिल्लांना आई किती चाटते यावर त्यांच्या मेंदूतल्या एका जनुकावरचा मिथाइल बदलतो, असं २००४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं. उत्तम प्रयोग आहे. त्यातून ठाण्याच्या वर्गातले हेडफोन कसे निघाले ते विक्रेत्यालाच ठाऊक.

आणि जरा चिडूनच लिहिते. या सगळ्या विषयात संशोधकही आईच्याच मागे लागतात, कारण ती तपासायला हाताशी असते. बाप मोकळा. तैवानमध्ये २००६ साली दिसलं की मूल होण्याआधी सुपारी चघळणाऱ्या बापांच्या मुलांत लहान वयातच चयापचयाचे विकार जास्त. तिथली सुपारी बिनतंबाखूची. त्याआधी उंदरांतही तसंच दिसलं होतं. आता सांगा, सुपारी सोडवण्याचा 'पितृसंस्कार' वर्ग कुणी काढलाय?

टवाळ_पंत
काढला तर पहिली बॅच भरायला पानाच्या टपरीवर उभं राहावं लागेल.

माणदेशी
मिश्रीचं काय मग? आमच्याकडं बाया सकाळी मिश्री लावल्याबिगर चुलीपुढं बसत नाहीत. पोटुशी असली तरी.

डॉ_खेड्यातला
मिश्रीचं मुंबईत मोजलंय, २००४ साली छापून आलं. गरोदरपणी मिश्री-तंबाखू लावणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमने हलकी, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त. सिगारेटचं तर खूणपत्र रक्तात चक्क वाचता येतं. एएचआरआर नावाच्या जनुकावरचा मिथाइल घटतो, ओढणाऱ्या आईच्या नवजात बाळातही तो फरक दिसतो, आणि सोडली की हळूहळू वर येतो. पूर्ववत व्हायला वर्षानुवर्षं लागतात, पण सोडल्याचा फायदा हा असा नजरेला दिसतो.

शंकेखोर
म्हणजे पोटातल्या परिस्थितीचा ठसा सगळ्यांनाच मान्य, पणजोबांचा ठसा कुणालाच नाही? मधलं काहीच नाही? २०१५ ला उंदरांचा एक प्रयोग आला होता, पुणेकर मंडळी होती त्यात. पन्नास पिढ्या कमी खायला घातलेले उंदीर. त्यांच्यात बी-१२ कमी, होमोसिस्टीन जास्त, मधुमेहाची शक्यता वाढलेली. मग दोन पिढ्या पोटभर खायला दिलं, तरी गाडी रुळावर आली नाही. इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या हिस्टोन खुणा बदललेल्याच होत्या.

पेशीबाई
हा प्रयोग मलाही आवडतो. आणि त्यातली गोम बघा, पन्नास पिढ्यांतली प्रत्येक आई स्वतः उपाशी होती. एकदा उपाशी राहून पन्नास पिढ्या परिणाम टिकला असं नाही. खुजी, कुपोषित आई, तिची लहान मुलगी, तीच पुढे खुजी आई, असं चक्र प्रत्येक पिढीत नव्याने फिरतं. दोन पिढ्यांत ते थांबलं नाही हे खरंच, पण त्यासाठी १८७७ सालापासून खूण टिकून राहायची गरज नाही.

हो, एक गोष्ट सांगायची राहिली. आजी गरोदर असते तेव्हा तिच्या पोटात आई असते, आणि त्या न जन्मलेल्या आईच्या अंडाशयात तिची सगळी बीजांडं तयार होत असतात. म्हणजे एका गरोदर बाईला भूक लागली तर ती भूक तीन पिढ्यांना थेट लागते. नातवापर्यंतचा परिणाम म्हणूनच 'वारसा' धरत नाहीत, तो थेट सोसलेलाच असतो. खरा वारसा मोजायचा तर पणतवंडापासून, आणि माणसांत तसा खात्रीचा पुरावा अजून कुणी पुढे ठेवलेला नाही.

सायली_ना
बापरे, दोन दिवस माहेरी होते तर इथे एवढं! सगळ्यांचे आभार.

पेशीबाईंचं शेवटचं वाचलं आणि सासूबाईंना फोन लावला. त्यांची कागदावरची तारीख १ जूनच (पंत, हसू नका). पण त्या म्हणाल्या, "माझा जन्म ७२ च्या मोठ्या दुष्काळातला, आई नालाबंडिंगच्या कामावर होती, सातव्या महिन्यापर्यंत गेली." म्हणजे आजेसासूबाई कामावर, सासूबाई पोटात, आणि पेशीबाईंच्या हिशोबाने माझा नवराही, बीजांडाच्या रूपात, त्याच खडीच्या ढिगाऱ्यावर हजर! मग रील अगदीच खोटं कसं म्हणू? फक्त दुष्काळ चुकलाय त्याचा.

पेशीबाई
वा, हे मस्त शोधलंत! पण एका माणसाच्या बाबतीत 'याच्यामुळेच झालं' असं म्हणता येणार नाही. त्याच नवऱ्याला सासऱ्यांकडून जनुकंही मिळालीत, आणि बाकरवडी कुणी दिली ते तुम्हीच जाणता.

माणदेशी
सायलीताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. कुठल्या कामावर होत्या त्यांच्या आई, करमाळ्याच्या कुठल्या बाजूला? आमच्या आईची टोळी तिकडंही गेली होती काही दिवस.

सायली_ना
विचारून सांगते दादा. आता माझा खरा प्रश्न. बाळासाठी आम्ही नेमकं काय करायचं? बी-१२ च्या गोळ्या सुरू करू का? आणि फोलिक ॲसिडने उलट त्रास होतो असं वरच्या प्रतिसादांवरून वाटलं, तर ते टाळू?

डॉ_खेड्यातला
फोलिक ॲसिड अजिबात टाळू नका. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला ते लागतंच, तेही दिवस राहण्याच्या आधीपासून. मुद्दा एवढाच की जोडीला बी-१२ पुरेसं हवं. तुम्ही आणि नवरा, दोघांचंही तपासून घ्या. विशेषतः तो मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीवर असेल तर, कारण त्या औषधाने बी-१२ आणखी उतरतं. तुमचं हिमोग्लोबिन आणि साखर आत्ताच बघा, तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. गोळ्या मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

याला आधार काय, तर पुण्याच्या त्याच गावांतल्या मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ द्यायला सुरुवात केली, रोज २ मायक्रोग्रॅम, त्यांची मुलं होईपर्यंत. मुलग्यांनाही, म्हणजे पेशीबाईंचा राग थोडा शांत व्हावा. आणि मुंबईच्या झोपडपट्टीत बायकांना दिवस राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला होता. त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के निघाला, दुसऱ्या गटात १२.४.

शंकेखोर
आणि त्या मुंबईच्या मुलांच्या मिथाइल खुणा पुढे तपासल्या का?

पेशीबाई
तपासल्या. आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या अशाच प्रयोगातली मुलंही सोबत घेतली होती. गांबियात काही ठिकाणी फरक दिसला, मुंबईत त्या खाऊचा ठसा सापडला नाही. आयांना फायदा झाला, पण तो मिथाइलमध्ये उमटला नाही, निदान रक्तात आणि त्या वयात तरी नाही. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते, कारण रीलमध्ये हे कधीच येणार नाही.

हुमणप्रेमी
सायलीताई, शाकाहारी नसाल तर बांगडा खा. शाकाहारी असाल तर दही-ताक.

सायली_ना
अंडी चालतात, बांगड्याला सासूबाई घरात घेणार नाहीत. नवऱ्याने आज बी-१२ साठी रक्त दिलं, रिपोर्ट उद्या. दिरांना मी हुमणप्रेमींचा गोव्याचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. त्यांनी तो वाचला आणि दुसरं रील टाकलं, गव्हामुळे मधुमेह होतो असं सांगणारं.

अनाहूत
नवा धागा काढा. पॉपकॉर्न शिल्लक आहेत.